पान एक्केचाळीस

पार्सल द्वारकेला आलंय, असं काल रात्रीपासून कळतंय.
द्वारकेहून पवननगर ते कितीसं लांब,
पण पार्सलला घाई नसते,
आणि आज शनिवार.

आठवडाभर मी अंबडला मापं घेते:
बुशचा व्यास, खाचेची खोली.
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतं,
तीन झाले की लाल डबा.
तिथे कोणी विचारत नाही,
या लोखंडाला दुसरं काही व्हायचं होतं का.

म्हणून शनिवारी खैरनारांच्या गिरणीवरची खोली.
खाली बाजरी पडते, वर टेबल थरथरतं.
फासा थांबलाय असं वाटतं
आणि पट्ट्याच्या एका हिसक्याने
एकोणीसाचे चार होतात.
यावर आमचा घरचा नियम आहे:
गिरणीने पाडलेलं दान खरं मानायचं.
वीस पैलूंचा तो फासा पिठावरून गेला
की मागे बारीक पाऊलवाट उरते.
ती आम्ही पुसत नाही.

नवा खेळ इचलकरंजीची दोन भावंडं करतायत.
नाव ठरलेलं नाही. "नंतर कळवू," एवढंच पत्रात.
नमुन्याची आठ पानं आली होती दिवाळीआधी,
हाताळून कापडासारखी मऊ झालीत,
सहाव्यावर चहाचा गोल.

तर आम्हाला ठाऊक आहे ते इतकंच:
भीतीला आकडा नाही. ती एका ओळीत लिहायची,
पेनाने.
खोटं बोलणाऱ्याचा फासा शेजारच्याने टाकायचा.
आणि मशाल तासावर जळत नाही,
धरणाऱ्याने गोष्ट सांगत राहायचं,
गोष्ट अडली की अंधार.

हेमांगी दुसाने सराफ बाजारात कॅरेट तपासते,
तिला हे कसाला उतरलेलं वाटत नाही.
"म्हणजे बोलघेवड्यांचाच उजेड?"
झुबेर काही बोलला नाही.
झुबेरचं प्रत्येक वाक्य पहिल्या अक्षरापाशी थांबतं,
चप्पल शोधतं, मग बाहेर पडतं.
फ्रिज दुरुस्त करताना त्याला बोलावं लागत नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"अ... अडणं म्हणजे सं... संपणं नाही.
असं लिहून कळवू त्यांना."
कळवलं. उत्तर आलं नाही.
कदाचित उत्तर छापूनच येत असेल.

पण मी ज्याची वाट पाहतेय तो नियम सतरावा.
नमुन्यात त्याची एकच ओळ आहे:
"गैरहजर खेळाडूच्या पात्राबाबत पान ४१ पाहा."
पान एक्केचाळीस आमच्याकडे नाही.

नीलकंठ आहेर जामनगरला गेला त्याला अकरा महिने झाले.
त्याचा तुळया, जुना जकातदार, एका कानाने बहिरा,
तिसऱ्या लेण्याच्या दारात उभा आहे.
ते लेणं आम्ही पांडवलेणीवर टेप धरून मापलं होतं,
रखवालदाराला सांगितलं, कॉलेजचं काम आहे.
जुन्या नियमाने मशाल एक तास जळते.
तो तास अजून चालू आहे.
आम्ही आत शिरलो नाही,
त्याला मागेही ओढला नाही,
नुसते भेटतो, फासे टाकतो, बाजरीची चौकशी करतो.

काय असेल एक्केचाळीसवर?
पात्र गावी परततं, इतकंच?
की बाकीच्यांनी आळीपाळीने त्याचा आवाज काढायचा?
हेमांगी म्हणते, छपाईची चूक असेल,
पुस्तक चाळीस पानांचंच निघेल बघ.
मी हसले. मग रात्री ते आठवून
नमुन्याची पानं पुन्हा मोजली,
जणू आठाची नऊ होणार होती.

खाली गिरणी थांबलीय. खोलीभर अचानक शांतता,
टेबल कधी नव्हे ते स्थिर.
खुर्च्या पाच मांडल्यात.
पाचवी डुगडुगायची,
तिच्या पायाखाली जुन्या नियमांचा पुठ्ठा घडी करून सारलाय,
आता बसते नीट.

जिन्यावर कोणीतरी चढतंय.
झुबेरची पावलं मला कळतात, ही ती नाहीत.