देवमाशाखालचं ताट

ऑल्डर कोव्ह, वॉशिंग्टन.
राजधानी नव्हे, ते दुसरं, पावसाचं.

इथे आधी गावाचा बंबखाना होता.
बंब उभा राहायचा त्या जागी
आता देवमासा टांगलाय, बेचाळीस फूट.
खोली अडतीस.
म्हणून भिंतीला भोक पाडून
शेपटीचे शेवटचे मणके
व्हर्ना टॉलेफसनच्या ऑफिसात घेतलेत.
ती त्यांच्याखाली बसून तिकिटांचा हिशेब करते
आणि कुणी उंच माणूस आत आला की
मान वर न करता म्हणते, डोकं.

माझा वार सोमवार.
म्युझियम बंद. सकाळच्या बोटीनं
फक्त टपाल येतं आणि पाव.
मी शिडी लावते, बरगड्या पुसते,
कवटीखालचं ताट बदलते.

हाडांतून अजून तेल गळतं.
सदतीस वर्षं झाली मरून.
उकळून झालं, घोड्याच्या लिदीत पुरून झालं,
उन्हात ठेवायचं म्हटलं तर इथलं ऊन ते काय.
गळतंच.
हिवाळ्यात चमचाभर, ऑगस्टात वाटी.

व्हर्नाला संकोच वाटतो.
शाळेची सहल यायची असली की
ताटावर नक्षीचा रुमाल टाकते.
मला नाही वाटत.
बार्शीला आमचा घाणा होता, करडईचा.
दाराची कडी तेलकट, पाढ्यांची वही तेलकट,
सहाचा पाढा पलीकडून सातासकट दिसायचा.
बैलाला मारून तेल लवकर येत नाही,
अण्णा म्हणायचे.
समुद्र मात्र मी बाविसाव्या वर्षी पाहिला.

तुमच्यात याला काय म्हणतात, व्हर्नानं एकदा विचारलं.
मी फोड करून सांगितली. देव. मासा.
मासा तर नाहीच, ती म्हणाली,
आणि दुसऱ्या शब्दाबद्दल काही बोलली नाही.

कमरेची दोन हाडं आहेत, वीतभर,
कशालाच न जोडलेली,
वेगळ्या तारांवर लोंबणारी.
कधीकाळी पाय होते, त्यांची.
ती मी सगळ्यांत शेवटी पुसते.

परवाच्या सोमवारी कुणीतरी दार वाजवतच राहिलं.
बंद आहे, मी काचेतून सांगितलं.
हॅल्वर स्टेन्सरूड, तो म्हणाला,
जसं काही नाव म्हणजेच तिकीट.

आत येऊन त्यानं टोपी काढली.
मादी होती, म्हणाला.
(माहीत आहे मला. पण देवमासा म्हटलं की
आमच्या भाषेत तो होतो.)
वाळूत रुतली तेव्हा जिवंत होती.
याच दारातून आम्ही बंब काढला,
समुद्रावर पाणी घेऊन गेलो.
सहा तास मारलं पाणी.
मग मीच कापली. पोटात काही नव्हतं,
थोडं समुद्रगवत आणि एक मोजा.

बोलता बोलता त्यानं ताटात बोट बुडवलं,
नाकाशी नेलं.
अजून संपली नाही का ही.

मी बेसिन दाखवलं.
साबणानं जाणार नाही, म्हटलं.
माहीत आहे, तो म्हणाला,
तरी बराच वेळ धूत राहिला.

चारची बोट गाठायला गेला तेव्हा
दाराच्या पितळी मुठीवर
त्याच्या बोटाचा ठसा राहिला होता.
उजेड पडला की दिसायचा.
फडकं माझ्या हातातच होतं.
मी शिडी घडी केली, दिवे घालवले.
मंगळवारी व्हर्ना पुसेल.