अध्याहृत

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराच्या माडीवर
आम्ही अकरा जण एका दोरशिडीचं मानक लिहीत होतो.
हलत्या जहाजावरून सोडतात ती शिडी;
बंदराचा वाटाड्या रात्री होडीतून झेप घेऊन
जिला धरतो, ती.

मसुदा सतरावा.
कलम चार-सातमध्ये पायरी मजबूत "असावी"
की "असलीच पाहिजे", यात मंगळवार गेला.
एका "च"साठी बारुर आणि विमेवाले
कॉफीवर साय धरेपर्यंत भांडले.
"पुरेशी" हा शब्द तिघांनी खोडला,
चौथ्यानं गुपचूप परत आणून बसवला.
मी इतिवृत्त लिहीत होते,
माझं पेन तेवढं सगळ्यांशी सहमत होतं.

मग रान्वा बोलली.
दोर वळणाऱ्यांची ती, बोटं डांबरानं कायमची काळी.
"लिहिणाऱ्यांनीच वाचून काय कळणार?
ज्यानं जन्मात शिडी बांधली नाही
त्याच्या हातात द्या."

खालच्या शेडमधून ब्रांदुरला बोलावलं,
सोळा वर्षांचा, खोकी धुणारा.
त्याला पानं दिली, दोर दिला, नऊ पायऱ्या दिल्या.
अट एकच, आम्ही तोंड उघडायचं नाही.

तो शब्दावर बोट ठेवून वाचत होता.
दोन तास.
एकदा त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं,
आम्ही छताकडे.

शिडी झाली. देखणी.
मापं मिलिमीटरला मिलिमीटर.
तुळईला टांगली, आणि ह्योग्नी,
एकोणतीस वर्षांचा जुना वाटाड्या, चढला.
पायरी बुटाखालून सरकली,
खालचीवर आदळली, तिला घेऊन तिसरीवर.
तो जमिनीपासून वीतभर वर होता
म्हणून आम्ही हसलो.
तो हसला नाही.

पोरानं गाठ मारली होती पायरीच्या वर.

पानं चाळली.
"दोर पायरीशी घट्ट आवळावा."
वर की खाली?
सतरा मसुद्यांत कुठेच नाही.
सगळ्यांना ठाऊकच होतं ना!

व्याकरणात याला अध्याहृत म्हणतात:
न लिहिलेला, पण धरून चालायचा शब्द.
धरून चालायचा.
रात्री, बर्फात, खाली काळं पाणी असताना.

बुधवारभर नुसतं खोडलं.
चार पानांचं दीड झालं,
"खाली" हा एक शब्द आला
आणि त्याच्या पोटात, बारीक अक्षरांत, त्याचं कारण;
म्हणजे पुढच्या कुणा हुशाराला
तो फालतू वाटून काढता येऊ नये.
"च"चा निकाल अजून लागलेला नाही.
ब्रांदुरचं नाव समासात घालावं, असं मी सुचवलं.
नियमात बसत नाही, म्हणाले.
मी ते इतिवृत्तात घातलं.

हल्ली नवा मसुदा झाला
की रान्वा जिन्याच्या तोंडाशी उभी राहून
शेडमध्ये ओरडते,
"ज्याला यातलं काही कळत नाही
असं कोण आहे रे?"

ब्रांदुर हात वर करतो.
त्याला ती घेत नाही.
त्याला आता फार कळायला लागलंय.