रिकामा माग

बेचाळीस वर्षं आठ मागांच्या मधे उभा राहिलो,
कान तिथंच गेले. तक्रार नाही.
मागावर कोणी ओरडत बसत नाही, ओठ वाचतात:
दोरा तुटला, धोटा अडकला, चहा आला,
बुच्चय्या मेस्त्रीची बायको दवाखान्यात आहे.
सगळं ओठांवरून.

आणि घरात एक जीव सारखा ओठ चाटत होता,
तर मी म्हणायचो, भूक लागली असेल.

कांडी तिचं नाव.
मागाखाली, तेलकट सुताच्या गोळ्यात तिचे डोळे उघडले.
खटखट ही तिची आईकडची भाषा.

नात आली होती सुट्टीत, श्रीहिता.
कांडीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून म्हणाली, फोटो काढा.
कांडीनं तोंड वळवलं,
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली.
आम्ही म्हणालो, लाजली.
जांभई दिली. म्हणालो, दमली.
मग कोरडंच अंग असं झटकलं,
जणू हिप्परग्याच्या तळ्यातनं आत्ता वर आली.
सगळे हसलो.
तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात चौघं खूश आहेत.
पाचवीकडे बघायला मला दीड वर्ष लागलं.

किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर
गड्ड्याचं दारूकाम असतं.
मी दरवर्षी गच्चीवर.
लाल फुटतं, हिरवं फुटतं, राख होऊन खाली येतं,
मला वाटायचं, सोलापुरात याहून शांत काही नाही.

त्या वर्षी गुडघा धरला होता, खालीच राहिलो.
जानेवारीच्या गारठ्यात ती धापा टाकत होती
मे महिन्यासारखी.
फरशीवर पंजे उमटलेले, ओले.
शेपूट पोटाखाली,
चादरीची शेवटची घडी दाबून घालतात तशी.
कान मागं चिकटलेले. एक पाय उचललेला,
टाकायचा कुठं ते न सुचून तसाच.
ताटलीत सकाळची दूध-भाकरी, तिच्यावर साय धरलेली.
आणि जीभ: नाकावर, आत. नाकावर, आत.

मी खाली बसलो. गुडघ्यानं शिव्या दिल्या.
बसलो आणि वाचलं.
ते मराठीत नव्हतं, आमच्या तेलुगूतही नव्हतं.

नरसूबाई दारातून ओठ हलवत म्हणाली,
दरवर्षी हिचं असंच. पलंगाखाली जाते.
तुम्ही वर असता ना.
मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

तिला छातीशी धरावं असं फार वाटलं.
फोटो आठवला. नाही धरलं.
जरा लांब, तिच्याकडे पाठ करून बसून राहिलो,
आपण काही बघितलंच नाही असा.

मग शेडमध्ये गेलो.
सात माग विकले, एक उरलाय,
त्यावर दिवाळीपासून ताणा नाही.
थांबवणारा काटा सुतळीनं बांधला, खटका दाबला.
रिकामाच चालला, इकडून तिकडं, तिकडून इकडं,
एक टॉवेलसुद्धा न विणता.
चालू झाल्याचं मला तळपायांतून कळलं.

कांडी उंबऱ्यात आली. थांबली.
एक कान पुढं आला. बऱ्याच वेळानं दुसरा.
भिंतीच्या कडेकडेनं मागाखाली शिरली,
जुन्या जागी तीन गिरक्या घेऊन बसली,
आणि जांभई दिली.
ही कोणती जांभई, ते माझं अजून ठरत नाही.

शेजारचे गाजूल मफलर गुंडाळून दारात:
सणाच्या रात्री माग? कुणाची ऑर्डर?
म्हणालो, घरचीच.
फार मोठ्यानं म्हणालो असणार,
कारण कांडीचा कान हलला.
उठली मात्र नाही.