दोन हात

पाण्याच्या टाकीमागे एकवीस वर्षं
ती भिंतीकडे तोंड करून उभी होती,
वर्गातून हाकलल्यासारखी.
ओढून काढली तर हँडलच्या रबरी मुठी
गुळासारख्या तळव्याला चिकटून आल्या.
मागचं टायर बोट लावताच फाटलं.
नंबरप्लेटवरचा ७ तेवढा
अजून शर्यतीच्या तयारीत.

मे महिना. पंचेचाळीस डिग्री.
ओला दुपट्टा डोक्याला बांधून मी पोर्चमध्ये घासतोय,
आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस.
आत कूलरसमोर बाबा,
वय ब्याऐंशी, आरएमएसचे निवृत्त सॉर्टर.
हातांना अजून सवय आहे:
खिचडीतले शेंगदाणे डावीकडे,
मटार उजवीकडे,
आणि मग जेवण.

मोमिनपुऱ्यात वहीदभाईनं चाकं ताणून दिली.
स्पोकला नखानं टिचकी मारायचा,
ऐकायचा,
पुन्हा चावीचा अर्धा आटा.
"ये साइज अब आता नहीं भाऊ," म्हणाला,
आणि माळ्यावरून एक ट्यूब काढली,
टाल्कम पावडरमध्ये घोळवून ठेवलेली.
पैसे मात्र चाळीस रुपये जास्तच घेतले.

माझ्या ध्यानात राहिलाय तो वास.
चौथीचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी
अंगणात ती उभी, लालभडक,
आणि रात्रपाळीहून आलेले बाबा, चपला पायातच.
"सीताबर्डीहून आणली. कोरी आहे.
आज हात लावू नको."
मग मी हात पाठीमागे बांधून
नळीला नाक टेकवून हुंगत राहिलो.
कोरेपणाचा वास असा असतो,
हे पुढे साऱ्या गल्लीला मीच शिकवलं.
परशा हेडाऊला तर चार आणे घेऊन हुंगू दिलं.

आज लालाचा एक पोपडा
कागदात गुंडाळून इतवारीत नेला, रंग जुळवायला.
निमजेंनी चष्मा कपाळावर चढवला,
पोपडा उजेडात धरला.
शेडकार्डाला हातही लावला नाही.
"हा टपालपेटीचा लाल आहे ना हो."

परतताना अग्रसेन चौकात
सिग्नलला साठ सेकंद होते.
मला ते पुरले नाहीत.
मागच्यांनी हॉर्न वाजवले,
एकानं आईवरून काही म्हटलं.

घरी येऊन पुन्हा घासत बसलो.
लालाखाली निळा.
निळ्यात, सीटच्या नळीवर,
कंपासच्या टोकानं कोरलेली वाकडी इंग्रजी अक्षरं:
डेन्झिल.
अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधला असेल कोणी,
मेलगाडीच्या गार्डचा मुलगा, एका उन्हाळ्यात अचानक उंच झालेला.
की बापाची बदली झाली?
की नकोच होती द्यायला त्याला,
आणि म्हणून नाव इतकं खोल?

पोरगी बाहेर डोकावली.
"एवढुशी? तुझे गुडघे हँडलला लागतील."
लागतात. ती आत गेल्यावर
मी बसून पाहिलं.

संध्याकाळी डबा उघडला, कुंचला भिजवला.
तेवढ्यात लाइन गेली.
कूलर घरघरत थांबला
आणि आतून आवाज आला,
डोळे मिटलेलेच असणार:
"पहिला हात पातळ दे. रातभर वाळू दे.
मग दुसरा.
एका हातात निळा दबत नाही, बापा."

मी तेव्हा त्या नावाभोवती चिकटपट्टी लावत होतो,
चार बोटं जागा सोडून.
"बरं," म्हटलं.
आणखी काही विचारायचं होतं, पण लाइन आली,
कूलर सुरू झाला,
आणि त्या आवाजात कोणालाच काही ऐकू जात नाही.

रात्री वास घरभर पसरला.
दोनदा उठून पोर्चमध्ये गेलो.
हात लावला नाही.