पिवळी चरबी

बाकीचं जग हिवाळ्यात गुरं खाली उतरवतं.
आम्ही वर नेतो.
ऑक्टोबर सरता सरता, बेचाळीस जनावरं,
दोन कुत्री, पुढे कोलमनचा ओरन काठी घेऊन,
आणि मागे मी, गुडघ्याला शिव्या देत.

वर बरेनचा चुनखडक. करडा, उघडाबोडका,
पाहणाऱ्याला वाटावं, इथे शेळीही उपाशी मरेल.
पण हा दगड उन्हाळाभर ऊन पिऊन ठेवतो
आणि थंडीत थोडं थोडं परत देतो,
वाटीभर साखर आठवणीने आणून देणाऱ्या
शेजारणीसारखा.
भेगाभेगांतून गवत. सहा महिने तेवढ्यावर.

एक सल्लागार आला होता, कोरे बूट घालून.
धान्यावर ठेवा, बाई, सोळा महिन्यांत तयार होतील.
माझे अठ्ठावीस घेतात, म्हटलं. चहा घेणार?
जाताना त्याच्या एका बुटाचा तळ
खडकाने उसवला होता.
मी काही बोलले नाही.

रोज सकाळी चढायचं आणि मोजायचं.
बाबा म्हणायचे, आकडा कुणालाही जमतो गं,
रवंथ कोण करत नाही ते बघ.

फेब्रुवारीत, तिरक्या गारांत, एकेचाळीसच भरले.
बेचाळिसावा हेझलच्या झुडपांमागे,
मागचा पाय मांडीपर्यंत भेगेत.
ओरडत नव्हता. नुसता नाकातून वाफ सोडत
समोर बघत होता, रांगेत उभा असल्यासारखा.
कोलमनने पहार आणली, ओरनने दोर आणि पोती,
मी माझा कोट त्याच्या पाठीवर टाकला
आणि त्याच्या मानेला टेकून बसले.
तीन तास.
शेवटी दगड फुटला, पाय नाही.
फुटलेल्या कडेवरून कोलमनने हात फिरवला,
माफी मागितल्यासारखा.

मांसाच्या जनावराला आम्ही नाव ठेवत नाही.
कानातल्या बिल्ल्यावर चारशे सतरा, बस्स.
पण त्या दिवसापासून ओरन त्याला 'पहार' म्हणू लागला
आणि मी ऐकू न आल्याचं सोंग केलं.

मेच्या सुरुवातीला खाली उतरवलं.
गुरं गेली की वर जेन्शियन फुलतं,
नखाएवढं, शाईच्या दौतीत बुडवून काढलेलं.
लांबून लोक येतात, पालथे पडून फोटो काढतात.
वरचं जाडंभरडं गवत कुणीतरी हिवाळाभर खाल्लं
म्हणून त्या फुलांना ऊन दिसलं,
हे फोटोत कुठून येणार?

सप्टेंबरात ट्रेलर लावला.
बाकीचे चढले. पहार फळीपाशी थांबला,
खुराने ठोकून पाहिली, मागे सरकला.
पायाखाली पोकळ वाजणाऱ्या जागेवर
त्याचा विश्वास उरला नव्हता.
काठी नको, मी ओरनला म्हटलं,
आणि आधी मी आत गेले.
मग तो आला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

टियर्नी खाटकाचा फोन आठवड्यानंतर.
तुझ्या बैलाची चरबी पिवळी आहे,
गिऱ्हाईक विचारतं, म्हातारा होता का?
लोणी कुठल्या रंगाचं असतं, विचार त्यांना.
गवत आहे ते, म्हटलं. पांढरं हवं असेल
तर दुसरीकडे बघा.
आवाज जरा चढलाच माझा.

रविवारी तुकडा तव्यावर टाकला, नुसतं मीठ.
ओरन, बारा वर्षांचा, ताटाकडे बघत म्हणाला,
हा तोच का?
खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं.
त्याने काटा खाली ठेवला.
खिडकीबाहेर बराच वेळ बघितलं, तिथे काहीच नव्हतं.
मग काटा उचलून सगळं संपवलं,
चरबीसुद्धा,
आणि ताट स्वतः धुतलं.

आता पुन्हा ऑक्टोबर.
त्या भेगेत त्याने दगड ठोकून बसवलाय,
मला न विचारता.
मोजते. बेचाळीस, नवे धरून.
पुन्हा एकदा मोजते.
चारशे साठ दगडाच्या उबेला बसलाय,
जबडा हलतोय.