तिरका कान

वडील होडीची कड धरून पाण्यात उतरायचे,
डोकं कानांवर बुडवून गप्प.
आम्हाला दिसायचं फक्त पाठीचं काळं बेट.
मग एक बोट वर : ढोमे आहेत, पण पांगलेले.
दोन बोटं : जाळं सोडा.
तेरेंगानूच्या किनाऱ्यावर देरामानचा कान
लोक मागून न्यायचे,
लग्नातल्या मोठ्या पातेल्यासारखा.

मी केर्तेहला, थंडगार खोलीत,
तोच समुद्र पडद्यावर ऐकते.
जहाज पाण्यात हवा फोडतं, धप्प.
आवाज दोन हजार मीटर खाली जाऊन
दगडांची दारं ठोठावतो,
आणि जे दार मऊ, ते तांबडं उमटतं.
वायूने भरलेली वाळू मऊ.
दगडी कोळसाही मऊ.
एकाच ठाणातून फाडलेल्या दोन पट्ट्या.

चौऱ्याण्णव दिवस मी एकीला वायू म्हणत होते.
विहीर खणली. वर आला कोळसा.
साहेब काही बोलला नाही,
कप तेवढा विसळत राहिला बराच वेळ.

चिमूटभर चुरा डबीतून घरी नेला.
वडिलांनी हुंगला, बोटांत चोळला.
"हे झाड होतं की गं."
होतं. दलदलीतलं,
दीडेक कोटी वर्षांपूर्वी बुडालेलं.
"ऐकलंस कसं?"
सरळ, म्हटलं. वरून खाली.
"सरळ ऐकलं तर सगळेच मासे सारखे.
मान तिरकी कर. लांबून येऊ दे."

आता लांब केबलच्या शेपटाकडचे आवाज
वेगळे काढून बसते,
तिरके गेलेले, तिरके परतलेले.
कोन वाढतो तसा कोळसा विझत जातो,
वायूची वाळू अजून पेटते.
चिखलाचा दगड मध्ये राखाडी,
कुणाच्याच बाजूचा नाही.
पुस्तकात होतंच हे. चौथ्या प्रकरणात.
परीक्षेत मी लिहिलंही होतं.

एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.
गेल्या मोसमात ते शेवटचे उतरले पाण्यात
आणि लगेच वर आले, कान झटकत.
"खाली कुणीतरी दार ठोठावतंय," म्हणाले,
"दर दहा सेकंदांनी. मासे बोलेनात."
मी दोरी गुंडाळत राहिले.
जहाजाचं नाव मला पाठ होतं,
ते पुन्हा कधी वळणार, ती वेळही.