एक्काहत्तरावं मिनिट

हा सिनेमा मी सव्वीस वेळा पाहिलाय,
पडदा कमी, माणसं जास्त.
ग्रिम्सबीच्या टॉकीजमध्ये दारापाशी उभं राहायचं,
उशिरा आलेल्याला टॉर्चने पायरी दाखवायची, एवढंच काम.

गोष्ट याच गावच्या गुंडाची. खरा होऊन गेलेला.
अल्बर्ट प्रोथेरो. गोदीमागच्या बोळात वाढला,
आधी मासळीच्या पेट्या उचलल्या,
मग माणसं उचलली.

पहिल्या अर्ध्या तासातच तो एकाची बोटं
बर्फ फोडायच्या हातोडीने ठेचतो.
लाह्या चावण्याचा आवाज थांबत नाही,
जरा मंदावतो.
मग एक खून, मग दुसरा,
तिसरा धुराडीच्या खोलीत, जिथे हॅडॉक टांगतात त्या आकड्याला.
मागून कुणीतरी शाबासकी दिल्यासारखं
"ओहो" करतं.

आणि एक्काहत्तराव्या मिनिटाला
(आता घड्याळ बघावं लागत नाही)
अल्बर्ट खिडकीत बसलेल्या टेडीच्या मानेवर
कपाळ टेकवतो.
बस. कपाळ.
टेडीची कॉलर उसवलेली, बाहेर बोटीचा भोंगा.

आणि अख्ख्या टॉकीजला खोकला येतो.

सोमवारी सहाजण हसले.
मंगळवारी एक बाई पर्समध्ये
नसलेलं काहीतरी शोधत बसली.
एका बापाने पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला,
हातोडीच्या वेळी तोच हात लाह्यांच्या पुड्यात होता.
शनिवारी दोन शहाणे बाहेर पडताना म्हणाले,
"बघ, मूळ तिथे होतं. म्हणून तो तसा झाला."
जणू हातोडी
त्या कपाळातूनच उगवली.

आणि एनिड हॉब्सन, वय ब्याऐंशी,
जिच्या बापाच्या मयताला अल्बर्टने स्वतःची गाडी पाठवली होती,
ती मॅनेजरशी भांडली:
"माणसं मारली असतील त्याने, मी नाही म्हणत नाही.
पण हे असलं काही मेलेल्याच्या नावावर खपवू नका."

गुरुवारी दुपारच्या खेळाला एक म्हातारा येतो.
कानटोपी, हातात घडी केलेला रेनकोट.
बहात्तराव्या मिनिटाला उठतो, मी पायरी दाखवतो.
हाच टेडी असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.
तिसऱ्या गुरुवारी विचारलं.
तो हसला. "मी ट्रॉलरवर आचारी होतो.
अल्बर्टला लांबून पाहिलं, तेवढंच. हलकट होता."
"मग शेवटापर्यंत का थांबत नाही?"
"त्याचं काय होतं ते ठाऊक आहे.
मी त्या कपाळासाठी येतो.
आमची गोदी, आमची बोली, आमच्यासारखी खिडकी,
हे असं मला दुसरीकडे कुठे दिसणार?
चांगल्या माणसांच्या सिनेमात
ते ठेवत नाहीत."

रेनकोट घालताना त्याची बाही उलटी झाली होती.
मी सरळ करून दिली.
बाहेर ऊन होतं. तरी त्याने बटणं लावली, सगळी.

मी त्याला सांगितलं नाही
की पहिल्या दिवशी, त्याच मिनिटाला,
मीही टॉर्च लावून पायाशी फिरवला होता,
कुणी पायरी विचारली नसताना.

रात्री सांगलीहून ताईचा फोन.
"नवा सिनेमा लागलाय म्हणे तुमच्याकडे. कसला आहे?"
"मारामारीचा," म्हटलं,
आणि तिन्ही खून सांगितले,
हातोडी, आकडा, सगळं
रंगवून.
"अगं बाई," ती म्हणाली. "आणि?"

आणि,
मला खोकला आला.